मशीन सव्वाअकरापर्यंत खराब होतं

नाही, मशीन खराबच होतं, मी अजूनही म्हणते. निदान सव्वाअकरापर्यंत तरी खराब होतं. त्यानंतरचं मला माहीत नाही, कारण त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. आडवी केली, तोंडात गोळ्या कोंबल्या, गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेली आणि हृदयात दोन जाळ्या बसवून परत आणून इथे घरी टाकली. आणि आता जो येतो तो उशाशी बसून एकच विचारतो, 'अहो, तुम्ही स्वतः सिस्टर, आणि तुम्हाला कळलं कसं नाही?' तुम्हीही तेच विचारायला आला आहात, तोंडावर लिहिलंय तुमच्या. बसा. ती खुर्ची ओढा... ती नको, तिचा पाय ढिला आहे, दुसरी. मला उठायला बंदी आहे, नाहीतर मीच दिली असती. आणि मध्ये बोलू नका, मला दमायलाही बंदी आहे, आणि कुणी मध्ये बोललं की मी दमते.

तर तुम्हाला सांगते, आमची कॅज्युअल्टी म्हणजे काय, तर दोन खाटा, एक बाक, एक पडदा जो दोन्ही खाटांना एकदम पुरत नाही, आणि एक कपाट ज्याचं दार उघडलं की लागत नाही आणि लागलं की उघडत नाही. बाहेर लाल पाटी, 'तातडीची सेवा'. आता तातडी कुणाची, ते पाटीवर लिहिलेलं नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटतं आपलीच. एक बाई येते धापा टाकत, 'सिस्टर, अर्जंट आहे, अर्जंट', मी हातातलं टाकून धावते, काय झालंय? 'तीन महिन्यांपासून पाठीला खाज येतेय.' तीन महिने, म्हणजे पाटी बघितल्यावर तिला तातडी लागली. आणि ज्याचं खरंच काही चुकलेलं असतं ना, तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो, कपाळाला घाम, शर्टाचं वरचं बटण काढलेलं, आणि विचारलं की म्हणतो, 'काही नाही हो सिस्टर, गॅस झालाय.'

गॅस. एकोणपन्नास वर्षं हा शब्द ऐकतेय मी. लोकांना वाटतं हृदयविकार म्हणजे माणूस छाती धरून धाडकन पडतो. पडत नाही. माणूस चप्पल नीट जोडीने काढून आत येतो आणि म्हणतो गॅस झालाय.

म्हणून माझं एक भाषण आहे. पाठ झालंय सगळ्यांना, झाडणाऱ्या मावशींनासुद्धा. 'गॅस? गॅस आहे का नाही ते तुम्ही ठरवणार? मग मी इथे काय दिवे लावायला बसलेय? छाती तुमची असेल, दार माझं आहे. या दारातून आत आलात की तोंड मिटायचं आणि हात लांब करायचा. गॅस निघाला तर मी स्वतः तुमची माफी मागेन. नाही निघाला, तर माझी माफी मागायला तुम्ही उरलेले नसाल.' शेवटचं वाक्य जरा कडक आहे, मला कळतं. पण त्या वाक्यावरच माणूस आडवा होतो.

तर सोमवार. मंगळवार सुट्टीचा म्हणून सोमवारी मला सकाळपासूनच कंटाळा येतो, आणि त्या सोमवारी तर अंगात काडीचं बळ नव्हतं. डावा खांदा भरून आलेला. आदल्या दिवशी मी ऑक्सिजनचा सिलिंडर ओढला होता, कारण वॉर्डातले मामा कुठे होते? मामा नेहमी कुठेतरी असतात. जबडा ठणकत होता. ती दाढ, मागची, तिचं मी वर्षभर करीन करीन म्हणतेय. झोप झाली नव्हती, ती गादीमुळे. म्हणजे बघा, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं. एकेका दुखण्याला एकेक कारण, छान टाचणी लावून ठेवलेलं. आणि मी थकलेली होते हो. अडुसष्ट वर्षांची बाई थकणार नाही तर काय उड्या मारणार? दोनदा निवृत्त झालेय मी. दोन्ही वेळा निरोप दिला, दोन्ही वेळा भिंतीवरचं घड्याळ दिलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत फोन, 'सिस्टर, कुणी टिकत नाही हो, महिनाभर या.' तो महिना अजून चालू आहे. घरी ती दोन्ही घड्याळं समोरासमोर आहेत, त्यांच्यात चार मिनिटांचा फरक आहे, आणि आमचे हे रोज सकाळी त्या चार मिनिटांवरून माझ्याशी वाद घालतात.

पण मशीनचं सांगत होते. मशीन म्हणजे ईसीजीचं, हृदयाची रेघ काढून देतं ते. आमच्याकडे एकच आहे, ते तीन आठवडे बिघडलेलं होतं. बिघडलेलं म्हणजे किती, तर एका मुख्याध्यापकांची रेघ काढली ती सरळ सपाट आली. सपाट म्हणजे माणूस संपला. आणि ते मुख्याध्यापक खाटेवर पडून मला शाळेतली शिस्त कशी बिघडली ते सांगत होते. मी म्हटलं सर, मशीनच्या मते तुम्ही हे सगळं वरून बोलताय. त्यांना आवडलं नाही. तर ते मशीन दुरुस्तीला गेलं, आणि सोमवारी दहाच्या सुमाराला मशीनवाला ते काखोटीला मारून आला, जावई मुलीला माहेरी सोडायला येतो तसा. 'घ्या सिस्टर. नव्यासारखं केलंय. सही करा.'

आता आमची एक पद्धत आहे. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात असेल असं वाटत नाही, आणि असूही नये. मशीन दुरुस्त होऊन आलं की ते पेशंटवर लावायच्या आधी माझ्यावर लावतात. का, तर माझी रेघ चांगली. चांगली म्हणजे इतकी चांगली, की मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटल ज्यांनी काढलं ते, ते म्हणाले होते, 'सिस्टर, तुमचं हृदय बघून छापखान्यात पुस्तकं छापतात.' एकोणीस वर्षांपूर्वीची माझी पट्टी त्यांनीच मशीनच्या गाडीला चिकटपट्टीने चिकटवून ठेवली. वर लिहिलं, 'अशी आली तर मशीन बरोबर.' पिवळी पडली, कोपरे गेले, पण आहे. तेव्हापासून माझी रेघ हे आमच्या हॉस्पिटलचं माप. किराणावाल्याकडे वजन असतं ना लोखंडी, तशी मी. काटा चुकला की वजनाला कुणी बोल लावतं का? नाही. म्हणून माझी रेघ वाकडी आली की मशीन खराब, सरळ हिशोब. त्यात कुणाचंच काही चुकलं नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण माझ्याकडे असं बघतो. बघा, तुम्हीही बघताय.

आणि खरं सांगू? मला त्याची वाट बघायची सवय झाली होती. ड्यूटीवर मी आडवी होते ती वर्षातून दोनदा, मशीन दुरुस्त होऊन येतं तेव्हा. पाच मिनिटं. पडदा ओढलेला, हातापायाला चिमटे, छातीवर ते रबरी फुगे, आणि हलायचं नाही असा हुकूम. हुकूम आहे म्हणून पडून राहायचं, यासारखं सुख नाही. त्या पाच मिनिटांत मी छताचे पोपडे मोजते. त्या दिवशी सत्तावीस होते.

पडद्यापलीकडे दोन नंबरच्या खाटेवर शिंपी होता. आमचे युनिफॉर्म शिवतो तो. सकाळी नऊला आला, चप्पल जोडीने काढली, म्हणाला, 'सिस्टर, काही नाही, गॅस झालाय.' मी सगळं भाषण दिलं, शेवटच्या वाक्यासकट. पांढराफटक पडला, आडवा झाला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि आता रेघेसाठी मशीनची वाट बघत तो तिथे पडला होता, छातीवर हात ठेवून, जणू ती कुणी पळवून नेणार आहे.

तर माझी रेघ काढली कुणी, तर चष्मेवालीने. ही नवी सिस्टर, आठ महिने झाले येऊन. आवाज इतका बारीक की पेशंटला वाटतं कुणी बोललंच नाही. शीर शोधायला गेली की पहिल्यांदा चुकते, दुसऱ्यांदा 'सॉरी' म्हणते आणि तिसऱ्यांदा मला बोलावते. पण डोळे आहेत पोरीला. पट्टी बाहेर आली, तिने बघितली, गाडीवरच्या माझ्या पट्टीशी लावून बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाली, 'मोठ्या सिस्टर... ही अशी का आलीय?'

मी पडल्यापडल्या हात पुढे केला. बघितली. जिथे रेघ उडी मारून खाली जमिनीवर यायला हवी ना, तिथे ती वरच राहिली होती. एकदा नाही, प्रत्येक ठोक्याला. वर गेलेली आणि उतरायला तयार नाही, एखादी म्हातारी पायऱ्या चढून जिन्यातच बसून राहते तशी.

मी म्हटलं, मशीन खराब आहे.

चष्मेवालीने पडद्यातून डोकं काढून डॉक्टरांना पट्टी दाखवली. आमचे डॉक्टर, मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. हा शिकून आला तेव्हा पहिल्या दिवशी शीर सापडेना म्हणून रडायच्या बेतात होता, मी त्याचा हात धरून सुई घातली होती, त्यामुळे आजही माझ्याशी बोलताना तो जरा वाकूनच बोलतो. त्याने पट्टी बघितली, भुवया वर गेल्या, म्हणाला, 'कुणाची आहे?' चष्मेवाली म्हणाली, 'मोठ्या सिस्टरांची.' भुवया खाली आल्या. 'हात्तिच्या. मग मशीन खराब आहे. परत द्या.' आणि गेला, एका पोराच्या नाकातला मणी काढायला. बघा, डॉक्टर म्हणाले. मी एकटी नव्हते.

पण मशीनवाल्याला ते लागलं. 'खराब? माझ्या हातून गेलेलं मशीन खराब? सिस्टर, तीन दिवस घालवलेत यावर. बायको म्हणते मशीनशीच लग्न करा.' आणि खरोखर त्याने शर्ट काढला, बाकावर आडवा झाला, स्वतःच स्वतःला चिमटे लावले आणि बटण दाबलं. पट्टी आली. आखल्यासारखी. 'आता बोला.' मी म्हटलं, तुमच्या हाताखालचं मशीन, ते तुमच्याशी लाडातच येणार, माझ्याशी नीट वागलं पाहिजे. म्हणून पुन्हा माझी काढली. पुन्हा ती म्हातारी जिन्यात. मी म्हटलं वायर सैल आहे. त्याने वायर बदलली. मी म्हटलं फुगे धरत नाहीत. त्याने फुगे पुसले, मलम बदललं, मशीनची पिन दुसऱ्या भिंतीत लावली. तिसरी पट्टी. तशीच.

मी म्हटलं, मशीन खराब आहे, घेऊन जा, मी सही करणार नाही.

एवढ्यात शिंपी पडद्यापलीकडून म्हणतो कसा, 'सिस्टर, तुमचं झालं असेल तर माझ्यावर लावून बघता का? नाहीतरी मी रिकामाच पडलोय.' पद्धत मोडून चष्मेवालीने मशीन तिकडे ओढलं. मी नको म्हणत होते, म्हणजे मनात नको म्हणत होते, कारण बोलायला जरा दम लागत होता. फुगे लावले, बटण दाबलं, आणि शिंप्याची पट्टी आली. तुम्हाला सांगते, एकोणीस वर्षांपूर्वीची माझी पट्टी काय सुंदर होती, त्याहून सुंदर. शिवणयंत्रावर टीप घालावी तशी, एकसारखी.

त्याला गॅसच होता.

आता इथे माझ्या वह्यांचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. मी काही शाळा शिकून सिस्टर झालेली नाही. मी एकोणिसाव्या वर्षी मावशी म्हणून लागले, फरशी पुसायला. परीक्षा दिली ती चौतिसाव्या वर्षी, बाहेरून, दोन मुलं झाल्यावर. रेघ वाचायला मला कुणी शिकवलं नाही. डॉक्टर पट्टी बघायचे, टोपलीत टाकायचे. मी टोपली रिकामी करायची. तर मी त्या पट्ट्या काढून वहीत चिकटवू लागले, आणि आडवे चार रकाने पाडले. एक, पट्टी. दोन, वय. तीन, आल्यावर पेशंट काय म्हणाला. चार, शेवटी काय झालं. चार जाडजूड वह्या झाल्यात. तिसऱ्या रकान्यात काय काय आहे... 'गॅस', 'गॅस', 'खांदा आखडला', 'मला काही नाही, हिनेच आणलं', 'ओझं उचललं म्हणून', 'दाढ'. आणि चौथ्या रकान्यात एक तर 'घरी गेला', नाहीतर नुसतं 'गेला'. एवढंच. असं बघत बघत मी शिकले. किती डॉक्टर आले नि गेले, अडलं की सगळे गुपचूप विचारायचे, 'सिस्टर, ती वही आहे का हो?'

म्हणजे मला वाचता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. हे मी एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही. पहिली पट्टी हातात आली तेव्हाच मला वाचता आली. स्वच्छ वाचता आली. ती पट्टी मी चार वह्यांत मिळून साठ-सत्तर वेळा चिकटवलेली आहे. तिचा चौथा रकाना मला ठाऊक आहे, निम्म्या वेळा काय असतो ते. आणि म्हणूनच मी म्हटलं मशीन खराब आहे. न वाचता येणारी बाई असती तर गुपचूप म्हणाली असती, बघा बाई काय ते.

तर चष्मेवालीने काय केलं, औषधांच्या टेबलावर पाच पट्ट्या ओळीने मांडल्या. मशीनवाल्याची, शिंप्याची, आणि माझ्या तीन. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'सिस्टर, तुम्हाला घाम कशाने आलाय?'

मी म्हटलं, पंखा बंद आहे.

तिने वर बघितलं. मीही बघितलं. पंखा चालू होता. चालू होता, पण हळू.

'दुखतंय का कुठे?'

'कुठे नाही. खांदा जरा. सिलिंडर ओढला काल.'

'अजून?'

'दाढ.'

'अजून?'

आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून निघून गेलं. कसं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, 'काही नाही गं, गॅस आहे.'

मशीनवाला शर्टाची बटणं लावत होता तो थांबला. शिंपी कोपरावर उठून पडद्याच्या फटीतून बघायला लागला. आणि ती पोर, जिचा आवाज पेशंटला ऐकू जात नाही, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणते कशी, 'गॅस? गॅस आहे का नाही ते तुम्ही ठरवणार? मग मी इथे काय दिवे लावायला उभी आहे? छाती तुमची असेल, दार माझं आहे. या दारातून आत आलात की तोंड मिटायचं आणि हात लांब करायचा. गॅस निघाला तर मी स्वतः तुमची माफी मागेन. नाही निघाला...' आणि तिथे तिचा आवाज फाटला. शेवटचं वाक्य तिला म्हणता येईना. मी म्हटलं, अगं म्हण की, त्या वाक्यावरच माणूस आडवा होतो.

म्हणाली नाही. पण मी आडवी झाले. घड्याळात सव्वाअकरा.

पुढचं सगळं इतकं ओळखीचं की मला लाज वाटली. चष्मेवाली केसपेपर घेऊन आली. 'कधीपासून दुखतंय?' मी म्हटलं आत्तापासून. ती लिहीना. पेन वर धरून तशीच उभी. हे मीच शिकवलंय, पेशंटचं पहिलं उत्तर लिहायचं नाही, दुसऱ्याची वाट बघायची. मी म्हटलं बरं बाई, काल सकाळपासून. मग लिहिलं. डॉक्टर धावत आला, नाकातला मणी चिमट्यात तसाच धरलेला, आणि माझ्या खाटेशी वाकून, सवयीनं हो, मलाच विचारतो, 'सिस्टर, आता काय करायचं?'

मी म्हटलं आधी गोळ्या चावायला द्या.

'कुणाला?'

'मला.'

मग त्याला भान आलं. तेवढं केलं मात्र नीट, फोन केला, गाडी सांगितली, पुढे कळवलं. मी आडवी पडून एकेक शब्द कान देऊन ऐकत होते, चुकतोय का कुठे. नाही चुकला. शीर चष्मेवालीनेच शोधली. मी म्हटलं तिथे नको, ती पळते, बोटभर वर घे. ती म्हणाली, 'तोंड मिटायचं आणि हात लांब करायचा.' आणि पहिल्याच फटक्यात सापडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्यासाठी मला एवढं करावं लागलं.

आणि युनिफॉर्म. बाही चढेना, घट्ट होती, चष्मेवालीने कात्री काढली. मी म्हटलं कात्री लावायची नाही, परवाच शिवून आणलाय. तर पडद्यापलीकडून शिंपी, 'कापा, कापा, मी शिवून देतो. फक्त शिवणीवरून कापा.' आणि वर, 'सिस्टर, ते माझ्या माफीचं...' मी म्हटलं परत आले तर मागेन. तो म्हणाला, 'या परत. मला घाई नाही.'

घरी फोन लावला. हे म्हणजे असे की फोन तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उचलत नाहीत, कुणाला वाटायला नको आपण रिकामे आहोत. मी म्हटलं, अहो, ॲडमिट केलंय. 'कुणाला?' मला. 'तू तर ड्यूटीवर आहेस ना?' ड्यूटीवरच आहे. 'मग ॲडमिट कोण आहे?' मी फोन चष्मेवालीच्या हातात दिला.

वीस मिनिटांत आले. हातात पिशवी, पिशवीत काय, तर माझा जवळचा चष्मा, कंगवा आणि एक घड्याळ. भिंतीवरचं. घाईत सुचेना म्हणे काय घ्यावं. ते घड्याळ मांडीवर घेऊन ते नातेवाइकांच्या बाकावर बसले, जिथे एकोणपन्नास वर्षं मी लोकांना बसवत आले, आणि जे सगळे नातेवाईक विचारतात तेच विचारलं. 'काळजीचं काही नाही ना?'

आणि मी म्हटलं, 'डॉक्टर सांगतील.'

एवढं म्हटलं आणि मी ऐकलं मी काय म्हटलं ते. यांनाही कळलं. कारण त्यांना माहीत आहे. इतकी वर्षं जेवताना मीच सांगत आले ना यांना, की बरं असलं की मी म्हणते काही काळजी नाही, आणि बरं नसलं की मी म्हणते डॉक्टर सांगतील. तर हे त्या घड्याळाकडे बघत बसले. मग म्हणाले, 'हे चार मिनिटं पुढे आहे.' मी म्हटलं, ते बरोबर आहे, दुसरं मागे आहे. ते म्हणाले, 'बरं.' चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाद न घालता बरं म्हणाले, आणि मला तेव्हा भीती वाटली. पट्टी बघून वाटली नव्हती इतकी वाटली.

असो. गाडी, मोठं हॉस्पिटल, दोन जाळ्या. तिथल्या सिस्टरने विचारलं, 'आजी, तुम्ही काय करायच्या?' करायच्या म्हणे. मी म्हटलं फरशी पुसायचे. पुढे विचारलं नाही तिने.

आता तीन आठवडे झाले. जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, चिडायचं नाही. मग उरलं काय? छताचे पोपडे मोजते, पण घरचं छत ह्यांनी गेल्या वर्षी रंगवून घेतलंय, एकही पोपडा नाही. पडून राहायचा हुकूम म्हणजे सुख असं मघाशी म्हटलं ना मी? ते पाच मिनिटांपुरतंच आहे.

काल चष्मेवाली येऊन गेली. माझी चौथी वही घेऊन. शेवटच्या पानावर माझी पट्टी चिकटवलीय, गोंद जास्त झालाय, कडा फुगल्यात, मी तसं सांगितलं. वय अडुसष्ट. तिसरा रकाना, आल्यावर पेशंट काय म्हणाला... तिथे तिने लिहिलंय, अक्षर चांगलं आहे पोरीचं, 'मशीन खराब आहे.' चौथा रकाना रिकामा. म्हणाली, 'तो तुम्ही भरा.' मी तिचं पेन घेतलं. 'घरी गेली.' बसल्या जागी लिहायला एवढा वेळ कधी लागला नव्हता मला.

मग ती वही पिशवीत घालता घालता म्हणते, 'मोठ्या सिस्टर, परत बिघडलंय मशीन. परवा दुरुस्त होऊन येईल. ती तुमची जुनी पट्टी काढून टाकली डॉक्टरांनी... मग आता मशीन बरोबर आहे का ते कुणावर लावून बघायचं?'

दोनदा निरोप झाला माझा, दोन घड्याळं झाली, तरी माझी जागा कुणाला देता आली नव्हती त्यांना. मी म्हटलं, शिंप्याला बोलवा. त्याची रेघ माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि माझ्याकडून त्याची एक माफी यायची आहे, ती तेवढी पोचवा.